रस्ता आणि ट्रॅक: महिला सायकलपटूने दोन्हींवर व्यावसायिक कारकीर्द कशी उभारावी

रस्त्यावरच्या आणि ट्रॅकवरच्या, म्हणजे वळणांवर कललेल्या बंदिस्त धावपट्टीवरच्या, शर्यती एकाच कारकिर्दीत वरच्या पातळीवर खेळता येतात, याविषयी आता शंका घेण्याचे कारण उरलेले नाही. नेदरलँड्सच्या मारियाना फोसने २००८ साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या पॉइंट्स रेसचे (ठरावीक फेऱ्यांच्या स्प्रिंटला गुण मिळवण्याच्या शर्यतीचे) सुवर्णपदक मिळवले आणि चार वर्षांनी लंडनमध्ये रस्त्यावरच्या शर्यतीचे. बेल्जियमची लोटे कोपेकी २०२३ च्या जुलैमध्ये ‘तूर द फ्रान्स फाम’ या फ्रान्समधील महिलांच्या अनेक दिवसांच्या रस्त्यावरच्या शर्यतीत एकूण दुसरी आली आणि त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत तिने ग्लासगोच्या जागतिक स्पर्धेत ट्रॅकवरची दोन आणि रस्त्यावरचे एक अशी तीन विजेतेपदे पटकावली. या यशामागे दम आणि ताकद होती हे उघडच आहे. पण तेवढाच दम असलेल्या कित्येकजणींची कारकीर्द ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ अशी होऊन बसते, आणि त्याचे कारण बहुधा सरावात सापडत नाही. रस्त्यावर पगार देणारा व्यावसायिक संघ वेगळा असतो, ट्रॅकसाठी निवड करणारा राष्ट्रीय महासंघ वेगळा असतो, आणि दोघांनाही एकाच शरीराचे वर्षातले नेमके तेच आठवडे हवे असतात. ही ओढाताण आधीच ओळखून तिची व्यवस्था कशी लावावी, हा पुढील मार्गदर्शनाचा मुख्य विषय आहे.

सुरुवात कोठून करावी

वयाच्या सतराव्या-अठराव्या वर्षी, म्हणजे ज्युनिअर गटात असताना, ट्रॅकला झुकते माप द्यावे असे माझे मत आहे. रस्त्यावरची सहनशक्ती वर्षानुवर्षे हळूहळू वाढत जाते आणि पंचविशीनंतरही वाढवता येते. पण दर मिनिटाला १२० च्या वर पेडल फिरवत असताना कंबर सीटवर स्थिर ठेवणे, समोरच्या चाकापासून वीतभर अंतरावर न घाबरता चालवणे आणि शेजारच्या खेळाडूच्या खांद्याला खांदा लागला तरी हँडल न हलवणे, या गोष्टी लवकर शिकल्या तर अंगवळणी पडतात आणि उशिरा शिकल्या तर प्रत्येक वेळी विचार करून कराव्या लागतात.

उशिरा येणाऱ्यांना दार बंद आहे असा मात्र याचा अर्थ नाही. अमेरिकेची क्रिस्टन फॉकनर महाविद्यालयात नौकानयन करत होती, नंतर गुंतवणूक क्षेत्रात नोकरी करत होती आणि २०१७ साली सायकलिंगकडे वळली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तिने ४ ऑगस्टला रस्त्यावरच्या शर्यतीचे आणि ७ ऑगस्टला ट्रॅकवरच्या टीम परस्यूटचे (चौघींच्या संघाने वेळेविरुद्ध धावण्याच्या शर्यतीचे) सुवर्णपदक मिळवले. तिच्याजवळ नौकानयनातून कमावलेले हृदय-फुप्फुसांचे बळ आधीच होते, ही गोष्ट मात्र तिचे उदाहरण देताना विसरू नये. दुसऱ्या सहनशक्तीच्या खेळातून येणाऱ्या मुलीने स्वतःच्या ताकदीच्या आकड्यांवर खूश न होता पहिली दोन वर्षे घोळक्यात चालवण्याच्या कौशल्यावर खर्च करावीत, कारण अपघात ताकद कमी पडल्याने होत नाहीत.

ज्यांच्या देशात चांगला ट्रॅकच नाही, त्यांच्यासाठी स्वित्झर्लंडमधील एगल येथे आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेचे जागतिक केंद्र आहे. तेथे २०० मीटरचा ट्रॅक असून, सोयी कमी असलेल्या देशांतील खेळाडूंना राहून सराव करण्याची संधी दिली जाते. अर्ज सहसा राष्ट्रीय महासंघामार्फत जातो, म्हणून महासंघाशी संबंध चांगले ठेवणे ही केवळ शिष्टाचाराची बाब राहत नाही.

ट्रॅकवर कोणत्या शर्यती निवडाव्यात

रस्त्यावर कारकीर्द करू इच्छिणाऱ्या मुलीने ट्रॅकवरचे सहनशक्तीचे प्रकार निवडावेत. केवळ वेगाचे प्रकार, म्हणजे मॅच स्प्रिंट आणि केरिन, यांना लागणारे स्नायूंचे वजन घाट चढताना अंगाशी येते. सहनशक्तीच्या गटात टीम परस्यूट, ऑम्नियम आणि मॅडिसन हे तीन ऑलिंपिक प्रकार आहेत. वैयक्तिक परस्यूट, म्हणजे एकटीने ठरावीक अंतर वेळेविरुद्ध कापणे, ऑलिंपिकमध्ये राहिलेला नाही, पण स्वतःची क्षमता मोजण्यासाठी त्याच्याइतकी निर्दय कसोटी दुसरी नाही. महिलांसाठी त्याचे अंतर २०२५ पासून तीन किलोमीटरऐवजी चार किलोमीटर झाले आहे, त्यामुळे रस्त्यावरून येणाऱ्यांना तो अधिक मानवतो.

टीम परस्यूटमध्ये चौघी चार किलोमीटर धावतात आणि संघाची वेळ तिसऱ्या सायकलीच्या पुढच्या चाकावर मोजली जाते. टोकियो ऑलिंपिकमध्ये जर्मनीच्या संघाने ४ मिनिटे ४.२४२ सेकंद अशी वेळ दिली होती. उभ्या अवस्थेतून सुरुवात करूनही हा सरासरी वेग ताशी ५९ किलोमीटरच्या आसपास येतो. या वेगात पुढे असलेली खेळाडू आपली पाळी संपली की वळणाच्या तोंडाशी ट्रॅकच्या चढावर वर जाते, चढामुळे तिचा वेग आपोआप कमी होतो, खालून तिघी निघून जातात आणि ती उताराचा फायदा घेत शेवटच्या चाकामागे उतरते. हे सारे दोन-तीन सेकंदांत घडते. ती अर्धे चाक जरी उशिरा उतरली, तरी पडलेले अंतर भरून काढण्यासाठी तिला वाऱ्यात एकटीने जोर लावावा लागतो, आणि ज्या क्षणी श्वास सावरायचा त्याच क्षणी ती सर्वांत जास्त शक्ती खर्च करून बसते. प्रशिक्षक पाळी किती फेऱ्यांची याबद्दल बोलतात. जाणत्या खेळाडू मात्र उतरण्याच्या जागेबद्दल बोलतात. सरावात वेळ पाहण्याआधी दर वेळी त्याच जागी, त्याच रेषेवर उतरता येते की नाही हे पाहावे.

ऑम्नियममध्ये स्क्रॅच (शेवटची रेषा प्रथम ओलांडणारी जिंकते), टेम्पो (जवळपास प्रत्येक फेरीला पहिली येणारीला गुण), एलिमिनेशन आणि पॉइंट्स रेस अशा चार शर्यती एकाच दिवशी होतात. दोन शर्यतींच्या मधल्या वेळात जागच्या जागी सायकल चालवण्याच्या रोलर्सवर हलके पेडल फिरवणे, अंग गार पडू न देणे, थोडे थोडे खाणे आणि मागच्या शर्यतीचा विचार डोक्यातून काढून टाकणे, हीसुद्धा शिकून घेण्याची कौशल्ये आहेत. एलिमिनेशनमध्ये ठरावीक स्प्रिंटला सर्वांत मागे राहिलेली बाद होते आणि तेथे मागचे चाक मोजले जाते, त्यामुळे आतल्या बाजूला कोंडले जाणे हा हरण्याचा सर्वांत सोपा मार्ग ठरतो. रस्त्यावर अरुंद गावात शिरण्यापूर्वी जागा मिळवण्याची जी धडपड असते, तिची ही उत्तम तालीम आहे.

मॅडिसन हा प्रकार महिलांसाठी जागतिक स्पर्धेत २०१७ पासून आणि ऑलिंपिकमध्ये टोकियोपासून खेळला जातो. दोघींच्या जोडीतील एक शर्यतीत असते, दुसरी ट्रॅकच्या वरच्या भागात हळू फिरत असते, आणि दोघी हात धरून एकमेकींना शर्यतीत फेकतात. येणारी खेळाडू सुमारे दुप्पट वेगात असते. तिचा हात आणि वर हळू फिरणारीचा हात योग्य उंचीवर भेटला नाही, तर झटका खांद्याला बसतो किंवा दोघीही पडतात. म्हणून पहिले अनेक सराव रिकाम्या ट्रॅकवर, कमी वेगात, फक्त हात धरणे आणि सोडणे एवढ्यावरच करावेत. हात पकडण्यासाठी मागे वळून खाली पाहण्याची सवय सुरुवातीलाच मोडावी. नजर एकदा मागे टाकून अंतर जोखायचे आणि नंतर पुढे ठेवायची. जोडीदार शक्यतो बदलू नये.

रस्त्यावरच्या संघात जागा मिळवणे

ट्रॅकवरून आलेली मुलगी बहुधा असे गृहीत धरते की संघ तिला शेवटच्या स्प्रिंटसाठी घेतो. प्रत्यक्षात पहिली दोन-तीन वर्षे तिचे काम दुसरीला जिंकवण्याचे असते. संघाच्या गाडीपाशी मागे जाऊन जर्सीच्या खिशांत आणि पाठीवर पाण्याच्या सहा-सात बाटल्या भरून पुन्हा पुढे येणे, पळून गेलेल्या गटाचा पाठलाग करणे, आडव्या वाऱ्यात तिरकी रांग लागण्यापूर्वी आपल्या नायिकेला पहिल्या पंधरा जणींत आणून सोडणे, तिचे चाक पंक्चर झाले तर आपले देणे, अशी ही कामे असतात. टीव्हीवर ती दिसत नाहीत आणि निकालाच्या यादीतही दिसत नाहीत. करार वाढवताना मात्र संघव्यवस्थापक तीच पाहतो. ट्रॅकवर शिकलेली जागा मिळवण्याची हातोटी आणि शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये ताशी ५५ किलोमीटरच्या वेगाने नायिकेला ओढत नेण्याची ताकद या दोन गोष्टींमुळे ट्रॅकवाल्या मुलींना येथे खरी मागणी आहे, आणि पहिला करार मिळवताना स्वतःची ओळख याच शब्दांत करून द्यावी.

शर्यतीत खाणे हे रस्त्यावर वेगळे शिकावे लागते. चार मिनिटांच्या शर्यतीची सवय असलेल्या शरीराला चार तासांच्या शर्यतीत ताशी ६० ते ९० ग्रॅम कर्बोदके पचवण्याची सवय लावावी लागते, आणि आतड्यांनाही पायांप्रमाणेच सराव लागतो. हा सराव मोठ्या शर्यतीच्या दिवशी सुरू करू नये.

करार वाचताना

हा भाग इतर सर्व भागांपेक्षा अधिक काळजीने वाचावा, कारण दोन्ही प्रकार खेळणाऱ्या खेळाडूचे बहुतेक हाल याच कागदावर ठरतात.

रस्त्यावरच्या शर्यतींची महिलांची सर्वोच्च मालिका ‘वर्ल्डटूर’ २०१६ साली सुरू झाली, पण वरच्या श्रेणीतील संघांवर किमान पगाराचे बंधन २०२० मध्ये आले. ती रक्कम प्रथम वर्षाला १५,००० युरो होती आणि २०२२ पर्यंत २७,५०० युरो झाली. सर्वांत खालच्या कॉन्टिनेंटल श्रेणीत असे बंधन नाही. त्यामुळे ‘व्यावसायिक संघ’ या दोन शब्दांवरून काहीही गृहीत धरू नये. संघाची नेमकी श्रेणी, पगार किती महिन्यांचा, नोकरीचा करार आहे की स्वयंरोजगाराचा, हे आधी विचारावे. स्वयंरोजगाराच्या करारात आकडा मोठा दिसतो, पण विमा, कर आणि निवृत्तिवेतनाची तरतूद खेळाडूच्या खिशातून होते. जो संघ जागा देण्यासाठी उलट खेळाडूकडेच पैसे मागतो, त्याच्या वाटेला जाऊ नये, मग त्याचे शर्यतींचे वेळापत्रक कितीही आकर्षक असो.

बक्षिसांच्या रकमेवर संसार चालत नाही. २०२१ साली महिलांची पहिली पारी-रुबे शर्यत जिंकणाऱ्या लिझी डायगनन हिच्यासाठी विजेतीचे अधिकृत बक्षीस १,५३५ युरो होते, त्याच वर्षीच्या पुरुष विजेत्यासाठी ३०,००० युरो. शिवाय बक्षीस संघातील सर्वांत वाटून घेण्याची प्रथा आहे, आणि ती योग्यच आहे.

आता ट्रॅकविषयीची कलमे. तोंडी आश्वासन संघव्यवस्थापक बदलला की हवेत विरते, त्यामुळे पुढील बाबी लेखी असाव्यात: वर्षातून किती दिवस राष्ट्रीय ट्रॅक संघासाठी मोकळे मिळतील आणि ते कोणत्या महिन्यांत, त्या दिवसांचा पगार चालू राहील का, ट्रॅकवर अपघात होऊन हाड मोडले तर उपचाराचा खर्च कोणाचा आणि रस्त्यावरचा हंगाम बुडाल्यास पगारात कपात होईल का, ऐनवेळी संघात कोणी आजारी पडले तर ट्रॅक शिबिरातून परत बोलावण्याचा अधिकार संघाला आहे का. शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण भांडणे त्यावरूनच होतात. सायकल, हेल्मेट आणि बूट यांचे प्रायोजक हा आणखी एक गुंता आहे. राष्ट्रीय संघ ट्रॅकवर ज्या कंपनीची सायकल वापरतो ती व्यावसायिक संघाच्या प्रायोजकाची प्रतिस्पर्धी असू शकते, आणि परवानगीचे एक वाक्य करारात नसेल तर खेळाडू विनाकारण दोघांच्या कचाट्यात सापडते. २०१७ साली काही आजी-माजी खेळाडूंनी स्थापन केलेली ‘द सायक्लिस्ट्स अलायन्स’ ही संघटना महिला सायकलपटूंना करार तपासून देण्यास मदत करते. सही करण्यापूर्वी तिचा किंवा एखाद्या वकिलाचा सल्ला घेण्यात संकोच बाळगू नये.

वर्षाची आखणी

वर्षाची आखणी नेहमी शेवटाकडून सुरुवातीकडे करावी. त्या वर्षातील एक, फार तर दोन, स्पर्धा अशा ठरवाव्यात की ज्यांत शरीर शिखरावर हवे. बाकी सर्व स्पर्धा त्यांच्या सोयीने येतील. रस्त्यावर मार्चमध्ये स्त्रादे बियांके, एप्रिलच्या आरंभी तूर ऑफ फ्लँडर्स आणि त्यानंतर पारी-रुबे, मेमध्ये स्पेनमधील, युरोपच्या उन्हाळ्यात इटली आणि फ्रान्समधील अनेक दिवसांच्या शर्यती आणि सप्टेंबरमध्ये जागतिक स्पर्धा असा साधारण क्रम असतो. ट्रॅकच्या खंडीय स्पर्धा आणि आंतरराष्ट्रीय मालिकेच्या फेऱ्या बहुधा वर्षाच्या पहिल्या महिन्यांत येतात, तर जागतिक स्पर्धा अलीकडे ऑक्टोबरमध्ये. दोन्ही वेळापत्रके एकमेकांवर ठेवून पाहिली की लक्षात येते, सगळे खेळायचे ठरवले तर विश्रांतीला जागाच उरत नाही.

म्हणून विश्रांती सर्वांत आधी लिहावी. वर्षातून सलग तीन ते चार आठवडे कोणतीही शर्यत नसावी आणि त्यातले काही दिवस सायकललाही हात लावू नये, हा नियम केवळ रस्त्यावर खेळणाऱ्या मुली निमूट पाळतात. दोन्ही खेळणाऱ्यांची ऑक्टोबरची ट्रॅक स्पर्धा संपते तोवर संघाचे पहिले शिबिर उंबरठ्यावर आलेले असते आणि सुट्टीच गिळली जाते. एक हंगाम हे निभावते, पण पुढच्या हंगामात एप्रिल उजाडतो तरी पाय उठत नाहीत आणि कारण कोणालाच सापडत नाही.

ऑलिंपिकचे चक्र चार वर्षांचे असल्यामुळे ही चारही वर्षे सारखी नसावीत. पहिल्या दोन वर्षांत रस्त्याला प्राधान्य देऊन तेथे नाव आणि पगार मिळवावा, तिसऱ्या वर्षापासून ऑलिंपिक पात्रतेच्या ट्रॅक स्पर्धांना आणि शेवटच्या वर्षी शिबिरांना जास्त वेळ द्यावा, ही विभागणी बहुतेकींना लागू पडते. टीम परस्यूटचा संघ सरावाच्या दिवसांवर उभा राहतो. शेवटच्या महिन्यात येऊन त्यात बसणे फार थोड्यांना जमते आणि बाकीच्या तिघींवर ते अन्यायाचेही ठरू शकते. ऑम्नियमपुरते पाहिले तर अनेक दिवसांच्या रस्त्यावरच्या शर्यतीतून थेट ट्रॅकवर येणेही फायद्याचे ठरू शकते. मात्र अशा शर्यतीनंतर पाय जड गिअर ओढू शकतात पण वेगाने फिरत नाहीत, म्हणून मधल्या काळात मोटारसायकलच्या मागे जलद पेडलिंगचा सराव आणि उभ्या अवस्थेतून सुरुवात करण्याचा सराव करून पायांना चपळाई परत मिळवून द्यावी लागते.

या सर्वांवर अंतिम शब्द एकाच व्यक्तीचा असावा. संघाचा प्रशिक्षक आणि महासंघाचा प्रशिक्षक दोघेही आपापल्या परीने हुशार असतात, पण दोघांच्या योजना एकत्र केल्या की आठवड्यात पाच कठीण दिवस होतात. खेळाडूने एक मुख्य प्रशिक्षक निवडावा, दुसऱ्याला तसे स्पष्ट कळवावे आणि सरावाच्या नोंदी दोघांनाही दिसतील अशी सोय करावी. हे सांगणे तरुण मुलीला अवघड जाते, तरी ते पहिल्याच हंगामात सांगून टाकावे.

शरीर

सायकलिंगमध्ये शरीराचे वजन हाडांवर पडत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षे फक्त सायकल चालवणाऱ्या मुलींच्या हाडांची घनता कमी राहू शकते. त्यात घाट चढण्यासाठी वजन कमी करण्याच्या नादात खाणे तोडले, तर खर्चाच्या मानाने ऊर्जा कमी पडते, पाळी अनियमित होते किंवा थांबते, जखमा भरत नाहीत आणि हाडे अधिकच कमकुवत होतात. पाळी थांबणे ही उत्तम सरावाची खूण आहे, असे सांगणारा कोणीही, मग तो कितीही नावाजलेला प्रशिक्षक असो, चुकीचे सांगत आहे; पाळी तीन महिने आली नाही तर डॉक्टरांकडे जावे. नेदरलँड्सची लिओन्तिन फान मूर्सेल नव्वदच्या दशकात खाण्याच्या विकाराने खेळापासून दूर गेली होती. त्यातून बरी होऊन ती परतली आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये तिने रस्त्यावरची शर्यत, टाइम ट्रायल (रस्त्यावर एकटीने वेळेविरुद्धची शर्यत) आणि ट्रॅकवरचा परस्यूट अशी तीन सुवर्णपदके मिळवली. दोन्ही प्रकार खेळणाऱ्या मुलीला तर ट्रॅकवरच्या सुरुवातीसाठी स्नायू लागतातच, म्हणून आठवड्यातून दोनदा वजनांचा व्यायाम वर्षभर चालू ठेवावा; त्याने हाडांचेही भले होते.

सीटमुळे होणाऱ्या जखमांविषयी मुली बोलत नाहीत आणि पुरुष प्रशिक्षक विचारत नाहीत. ट्रॅकवर शरीर खूप पुढे झुकलेले असल्याने दाब वेगळ्या जागी येतो, त्यामुळे रस्त्यावर सोयीची असलेली सीट तेथे त्रासदायक ठरू शकते. दोन सायकलींसाठी दोन सीट लागल्या तर तशा मागून घ्याव्यात आणि जखम झाली तर पहिल्याच दिवशी संघाच्या डॉक्टरांना दाखवावी.

मातृत्व म्हणजे कारकिर्दीचा शेवट, ही समजूतही आता मागे पडली आहे. लिझी डायगनन २००९ मध्ये टीम परस्यूटची आणि २०१५ मध्ये रस्त्यावरची जगज्जेती झाली होती. २०१८ साली पहिल्या मुलीच्या जन्मानंतर ती परतली आणि वर उल्लेखलेली पारी-रुबे तिने ८० किलोमीटरहून अधिक अंतर एकटीने कापून जिंकली. वरच्या श्रेणीतील संघांच्या करारांत पगारी प्रसूतिरजेची तरतूद २०२० पासून आहे. खालच्या श्रेणीत ती मागून लिहून घ्यावी लागते.

उत्तेजक चाचणी आणि निवृत्ती

वरच्या पातळीवर पोहोचलेल्या खेळाडूला नोंदणीकृत चाचणी गटात घेतले जाते आणि दररोज साठ मिनिटांची एक वेळ व जागा आगाऊ कळवावी लागते. बारा महिन्यांत तीन वेळा चाचणी हुकली किंवा माहिती चुकीची निघाली, तर उत्तेजक घेतलेले नसतानाही बंदी येऊ शकते. महिन्यातून चार वेळा देश बदलणाऱ्या दुहेरी खेळाडूला हा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, त्यामुळे विमानाचे तिकीट बदलले की त्याच क्षणी, विमानतळावर उभे असतानाच, माहिती बदलावी. हे काम व्यवस्थापकावर सोपवले तरी जबाबदारी खेळाडूचीच राहते.

निवृत्त होतानाही तसे लेखी कळवावे लागते. त्यानंतर परत यावेसे वाटले, आणि ट्रॅकवाल्यांना पुढचे ऑलिंपिक जवळ आले की तसे हमखास वाटते, तर स्पर्धेत उतरण्यापूर्वी सहा महिने आधी सूचना देऊन चाचणीसाठी उपलब्ध राहणे बंधनकारक आहे. म्हणून शेवटचा करार संपताना मनात थोडीही शंका असेल, तर निवृत्तीच्या अर्जाची घाई करू नये.